ब्रॅमविचरावांचं घर

कॉव्हेंट्री, १८ फेब्रुवारी २००७

चि. ऋजुता,

आशीर्वाद आहेतच, ते गृहीत धर. थेट मुद्द्यावर येतो, कारण आज सकाळपासून मला एका जागी बसवत नाहीये आणि तुझी सुप्रभाकाकू तीनदा म्हणाली आहे, "अहो, आधी चहा तरी प्या."

तर ऐक. आपल्या घरात अमेरिकेचा एक काँग्रेसमन जन्मला होता!

आपल्या म्हणजे याच घरात, सत्तेचाळीस नंबर, कॅनन्स रो, हिलफील्ड्स. तू मागच्या नाताळात ज्या वरच्या खोलीत झोपलीस आणि "काका, इथे खिडक्या इतक्या मोठ्या का?" असं विचारलंस, तिथे फितीचा माग होता. रेशमी फिती विणायला उजेड लागतो, म्हणून विणकरांच्या घरांना वर अशा खिडक्या. त्या मागाखाली रांगणारं एक पोर पुढे वॉशिंग्टनला गेलं, तिथल्या संसदेत दोनदा निवडून आलं आणि नंतर त्याने बँक काढली. हेन्री जोसेफ ब्रॅमविच. जन्म १८३८.

आमच्या लोकल हिस्ट्री ग्रुपबद्दल तुला सांगितलंच आहे. दर बुधवारी लायब्ररीच्या मागच्या खोलीत आम्ही वीस-बावीस म्हातारे जमतो. तिथे जुन्या पुस्तकांच्या विक्रीत मला वीस पेन्सला एक पुस्तिका मिळाली. न्यू जर्सीतल्या टॅनर्स ब्रुक गावच्या बँकेने पंचवीस वर्षं झाल्यावर आपल्या संस्थापकाचं चरित्र छापलं होतं. त्यात एवढंच म्हटलंय की कॉव्हेंट्रीतल्या फितीच्या विणकराचा मुलगा. आमच्या सेक्रेटरी डोरीनबाई तीन आठवडे शोधत होत्या. म्हणाल्या, "पॅडी, हेन्री ब्रॅमविच दोन सापडतात, दोघेही विणकरांचेच." (पद्माकरचं कारखान्यात झालेलं पॅडी इथेही येऊन चिकटलंय. एकेचाळीस वर्षं पॅडी आहे, आता काय बदलणार.) मी म्हटलं, बाई, नाव पूर्ण वाचा की! हेन्री जोसेफ. म्हणजे जोसेफचा हेन्री. १८५१ची जनगणना काढली, तर जोसेफ ब्रॅमविच, विणकर, मुलगा हेन्री, वय तेरा, पत्ता आपला!

मायक्रोफिल्मच्या मशीनवर मी एवढ्या जोराने ओरडलो की ग्रंथपाल धावत आला. आता या घरावर त्याच्या नावाची ओतीव धातूची पाटी लागावी म्हणून ग्रुप अर्ज करणार आहे. तुझ्या बाबांना फोनवर सांगितलं तर तो म्हणतो, "पद्मा, घराची किंमत वाढेल का?" त्याच्याकडून दुसरी अपेक्षा नव्हती.

तुझा,
काका

*

वेम्बली, २७ फेब्रुवारी २००७

काका,

साष्टांग नमस्कार, पण खुर्चीतूनच, कारण मी हे ऑफिसात लंच अवरला लिहितेय आणि खाली वाकले तर लोक फर्स्ट एडवाल्याला बोलावतील.

काका, हे किती भन्नाट आहे! मी टीममध्ये सगळ्यांना सांगितलं. "माय अंकल लिव्ह्ज इन अ काँग्रेसमन्स हाउस." आमचा अतुल, नागपूरचा, तो म्हणाला, "काँग्रेसमनचं ठीक आहे, पण नंतर बँकर झाला म्हणजे घसरलाच की." आम्ही सगळे बँकेतच काम करतो, त्यामुळे कुणी फारसं हसलं नाही.

पण खरंच, संसद सोडून बँकेत का गेला तो? इथे माझे साहेब लोक उलट बोलतात. पैसा करून झाला की राजकारणात जाऊ, म्हणतात. मला सविस्तर लिहा. ईमेल करा म्हटलं तर तुम्ही ऐकणार नाही, हे माहीत आहे. आणि खरं सांगू? एरवी माझ्या दारात फक्त पिझ्झाची पत्रकं आणि कौन्सिल टॅक्सची बिलं पडतात. त्यांत तुमचं अक्षर दिसलं की बरं वाटतं.

पाटीचा मुहूर्त ठरला की लगेच कळवा. मी येणार म्हणजे येणारच. तुमच्यासाठी एक सरप्राइजही डोक्यात आहे, पण आत्ता सांगत नाही.

काकूला सांगा, लसणाची चटणी संपली.

ऋजुता

*

कॉव्हेंट्री, ११ मार्च २००७

चि. ऋजुता,

मंजूर! पाटी मंजूर झाली! १६ जून, शनिवार, सकाळी अकरा. आजच सुट्टी टाक. ब्रॅमविचची पणती मार्था, वय चौऱ्याहत्तर, अमेरिकेहून येणार आहे. तिने तिकीटसुद्धा काढलं. काकूने पाटीवरचा पडदा कुठल्या रंगाचा असावा यावर दोन दिवस घालवले आणि शेवटी स्वतःच्या शालूतलं कापड काढलं. आता पाटीपेक्षा पडदाच जास्त बघतील लोक.

तू विचारलंस, संसद सोडून बँकेत का गेला. अगं, तोच तर या माणसाचा खरा किस्सा आहे.

१८६० साली फ्रान्सच्या फितींवरचा कर उठला आणि कॉव्हेंट्रीचा धंदा बसला. माग बंद, लोक उपाशी. हजारोंनी गाव सोडलं. आपले ब्रॅमविचराव तेविसाव्या वर्षी बोटीत बसले. मी अठ्ठाविसाव्या वर्षी आलो होतो, एवढाच फरक. तिकडे टॅनर्स ब्रुकच्या रेशीम गिरणीत कामाला लागले, मुकादम झाले. कामगारांच्या बाजूने बोलायला लागले आणि छत्तिसाव्या वर्षी लोकांनी थेट संसदेत पाठवलं. दुसऱ्यांदाही पाठवलं. मग १८७८ साली ते सभागृहात गिरण्यांमधल्या मुलांवर बोलले. जबरदस्त भाषण! अमुक गिरणीत दहा वर्षांखालची तीनशे मुलं राबतात, असं सांगून त्यांनी मालकाचं नाव घेतलं. पेपरांनी डोक्यावर घेतलं.

आणि तीन आठवड्यांनी ते पुन्हा उभे राहिले. म्हणाले, मी सांगितलेला आकडा चुकला. मी स्वतः जाऊन पाहिलं, तिथे एकतीस मुलं आहेत. एकतीससुद्धा जास्तच, पण तीनशे म्हणालो ते खोटं होतं आणि मी ते मागे घेतो.

ऋजुता, ही चूक कुणी पकडली नव्हती! विरोधकांना पत्ताही नव्हता. याने आपणहून सांगितलं. मग काय, ज्यांनी डोक्यावर घेतलं होतं त्यांनीच आपटलं, आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत साहेब पडले. घरी आले तर हातात काम नाही. त्या वर्षी गावात कामगारांसाठी बचत बँक निघत होती. किल्ली कुणाकडे ठेवायची यावर भांडणं चालली होती, कुणाचा कुणावर विश्वास नव्हता. तेव्हा तोच गिरणीमालक उठला, ज्याचं नाव यांनी सभागृहात घेतलं होतं. म्हणाला, "जो माणूस माझ्यासारख्या शत्रूबद्दलचीसुद्धा चूक स्वतः जाऊन सुधारतो, त्याच्याकडे द्या." अशी ती बँक. बावीस वर्षं चालवली. १८९३ साली अमेरिकेत बँका धडाधड बुडाल्या तेव्हा दाराशी रांग लागली. हे पायरीवर येऊन म्हणाले, "पैसे आहेत," आणि निम्मी रांग घरी गेली.

हे लिहिताना माझ्या अंगावर काटा आला. भाषणाची तयारी सुरू आहे, रोज वरच्या खोलीत मोठ्याने म्हणतो. शेजारच्या बाईने काकूला विचारलं, तुमच्याकडे कुणी पाहुणे आलेत का.

काका

*

वेम्बली, २० एप्रिल २००७

काका,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला, सॉरी. काम खूप आहे.

इथे छान ऊन पडलंय. ईलिंग रोडवर हापूस आलाय, पण पेटीचा भाव विचारून परत आले.

काका, पाटी ओतून झाली का? म्हणजे ओतायला टाकली का अजून? आणि एक विचारायचं होतं, सहजच. हेन्रीचे वडील जोसेफ, याला नावाशिवाय दुसरा काही कागद आहे का तुमच्याकडे? म्हणजे ग्रुपकडे वगैरे?

काकूला नमस्कार.

ऋजुता

*

कॉव्हेंट्री, २४ एप्रिल २००७

चि. ऋजुता,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. मग काकूने वाचलं. आमचं दोघांचं एकमत झालं आहे, आणि असं लग्नाला अडतीस वर्षं होऊन दुसऱ्यांदाच झालं.

कोण आहे तो?

उन्हाबद्दल लिहितेस, आंब्यांबद्दल लिहितेस, चटणी मागत नाहीस, आणि मग विचारतेस वडिलांच्या नावाला पुरावा काय! घराण्याची चौकशी सुरू झालीय, एवढं न कळण्याइतके आम्ही भोळे नाही. नागपूरचा तो अतुल का? काकू म्हणते, नागपूरचे लोक अगत्यशील असतात. १६ जूनला त्याला घेऊनच ये. मार्था येतेय, निम्मा ग्रुप येतोय, एकात एक उरकून जाईल. काकू आत्ताच चिवड्याचं प्रमाण वाढवायला लागली आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: कागद कशाला हवा? नावातच बाप आहे. पाटीचा मजकूर ८ मेला ओतायला जाईल. "हेन्री जोसेफ ब्रॅमविच, काँग्रेसमन आणि बँकर, यांचा या घरात जन्म झाला." मी तो कागदावर लिहून दरवाजाशेजारी चिकटवून पाहिला. पोस्टमन थांबून वाचून गेला.

एकेचाळीस वर्षं या गावात आहे, बेटा. इतकी वर्षं कुणी ना कुणी विचारतंच, "व्हेअर आर यू फ्रॉम, ओरिजिनली?" आता म्हणेन, या घरातला आहे. दारावर वाचा.

काका

*

वेम्बली, २८ एप्रिल २००७

काका,

कुणी नाही हो. अतुलचं लग्न झालंय आणि त्याला दोन मुलं आहेत. प्लीज, काकूला चिवडा थांबवायला सांगा.

मी गेला महिनाभर खोटं वागले. खोटं लिहिलं नाही, पण खरंही लिहिलं नाही. आज सांगते. तुम्ही बसून वाचा.

माझं सरप्राइज म्हणजे हेन्रीचा जन्मदाखला होता. फ्रेम करून १६ जूनला द्यायचा, असं ठरवलं होतं. इझलिंग्टनला रेकॉर्ड्सचं सेंटर आहे, तिथे एका शनिवारी जाऊन नोंद शोधली आणि अर्ज केला. तो दाखला आला. सोबत पाठवलाय. हेन्री जोसेफ ब्रॅमविच, जन्म १८३८. वडिलांच्या रकान्यात बघा. विल्यम ब्रॅमविच, विणकर. जन्मस्थळ ब्रूअर्स कोर्ट. कॅनन्स रो नाही.

काका, इथल्या लोकांत मधलं नाव वडिलांचं नसतं. आजोबांचं असेल, मामाचं असेल, नुसतं आवडलं म्हणूनही असेल. आपल्याकडे मी ऋजुता श्रीधर, तुम्ही पद्माकर त्र्यंबक, म्हणून आपल्याला विचारावंसंही वाटलं नाही. मलाही नाही वाटलं! तुमचं पहिलं पत्र वाचून मीही म्हटलं होतं, अगदी बरोबर.

तरी मी म्हटलं, कदाचित दाखल्यातच काही गफलत असेल. म्हणून परत गेले आणि १८८१ची जनगणना पाहिली. त्या वर्षी आपले काँग्रेसमन टॅनर्स ब्रुकला बँक चालवत होते. आणि सत्तेचाळीस, कॅनन्स रोमध्ये जोसेफचा मुलगा हेन्री राहत होता, वय त्रेचाळीस, घड्याळं दुरुस्त करणारा. तो कधी कुठे गेलाच नाही. हेन्री दोन होते, डोरीनबाई म्हणाल्या होत्या तसेच.

मी चार वेळा पत्र लिहिलं आणि फाडलं. तुम्ही दाराशेजारी कागद चिकटवला, हे वाचल्यावर तर रडूच आलं. मनात आलं, गप्प बसावं. कुणाला कळणार आहे? मार्था पाटी बघून खूश होईल, तुम्ही भाषण कराल, आणि घर तर दीडशे वर्षं जुनं आहेच.

पण मग मी तुमचं मार्चचं पत्र काढलं. तीनशे आणि एकतीस. ही चूक कुणी पकडली नव्हती, असं तुम्हीच उद्गारचिन्ह देऊन लिहिलंय.

रागवा, पण बोला.

ऋजुता

*

कॉव्हेंट्री, १ मे २००७

ऋजू,

काकू लिहितेय. तुझं पत्र काल आलं. काल दुपारपासून हे वरच्या खोलीत आहेत. जेवायला खाली आले, पण भातावर ताक घ्यायचं विसरले, यावरून ओळख.

तुझ्यावर रागावलेले नाहीत. संध्याकाळी एकदाच बोलले. म्हणाले, "सगळ्या ग्रुपसमोर मी त्या बाईला नाव वाचायला शिकवलं गं." मग विचारलं, "ब्रॅमविचने काय केलं असतं?" मी म्हटलं, ते तुम्हीच आम्हाला अडीच महिने ऐकवताय, मला कशाला विचारता?

उद्या बुधवार आहे. सकाळीच इस्त्री केलेला शर्ट मागितलाय. दारावरचा कागद त्यांनीच काढला.

चिवडा करून झाला होता. तुला पाठवते.

काकू

*

कॉव्हेंट्री, ४ मे २००७

चि. ऋजुता,

आधी हे वाच: तू केलंस ते बरोबर केलंस. चार पत्रं फाडलीस हे मात्र चूक. एकच लिहायचं आणि लगेच टाकायचं.

आता ऐक, कारण मी पुन्हा एका जागी बसू शकत नाहीये!

बुधवारी गेलो. बावीस माणसं. डोरीनबाईंनी विषय काढला, "पाटीचा मजकूर फायनल?" मी उभा राहिलो. ऋजुता, कारखान्यात मी अख्ख्या मशीनचं ड्रॉइंग चुकवलं होतं तेव्हासुद्धा उभं राहणं इतकं जड गेलं नव्हतं. म्हटलं, "घर चुकलंय. चूक माझी आहे. हा दाखला." आणि दाखला टेबलावर ठेवला.

डोरीनबाईंनी चष्मा चढवला, वाचला, उतरवला. म्हणाल्या, "पण पॅडी, मला वाटलं तुझ्याकडे सर्टिफिकेट आहे!" त्यांना वाटलं माझ्याकडे दाखला आहे, आणि मला वाटलं नाव हाच दाखला. मग मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे माणूस आपल्या नावापुढे वडिलांचं नाव जन्मभर घेऊन हिंडतो. माझं नाव पद्माकर त्र्यंबक देवस्थळी, त्यात त्र्यंबक म्हणजे माझे वडील. बावीसही जण कान देऊन ऐकत होते. एकाने वहीत लिहूनही घेतलं. मग डोरीनबाई हसायला लागल्या, आणि असं हसणं मी त्या खोलीत कधी ऐकलं नव्हतं. हसता हसता म्हणाल्या, म्हणजे आम्ही इतकी वर्षं तुला निम्म्याच नावाने हाक मारतोय.

पाटी रद्द नाही! मजकूर बदलला, जागा बदलली. ब्रूअर्स कोर्ट युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात गेलं. तिथे आता बलबीरचं फिश अँड चिप्सचं दुकान आहे. आम्ही सात जण दुसऱ्याच दिवशी तिथे गेलो. बलबीर म्हणाला, "अंकलजी, काँग्रेसमन मेरी दुकान में? लगाओ जी, बस मेन्यू मत ढकना." १६ जूनला सगळ्यांना चिप्स त्याच्याकडून.

मार्थाला फोन मी स्वतः केला. जीव मुठीत धरून. तर ती म्हणाली, हो, पणजोबांचे वडील विल्यमच होते. तिला आधीपासून माहीत होतं! कुणी विचारलंच नव्हतं. आणि जोसेफ हे नाव कुठून आलं? काकाचं! विल्यमचा थोरला भाऊ जोसेफ, तोच कॅनन्स रोचा, पुतण्याला त्याचं नाव. म्हणजे आपल्या घरात काँग्रेसमन नव्हे, तर काँग्रेसमनचा काका राहत होता. काकूला हे सांगितलं तर म्हणाली, "अजूनही काकाच राहतोय."

आता शेवटचं, आणि हे मी उभ्यानेच लिहितोय.

मीटिंग संपल्यावर खुर्च्या लावत होतो. डोरीनबाईंनी बाजूला बोलावलं. मागच्या खोलीत ग्रुपचं कपाट आहे. जुने नकाशे, विणकरांची पत्रं, मूळ रजिस्टरं, सगळं त्यात. किल्ल्या दोनच. एक त्यांच्याकडे, दुसरी ज्यांच्याकडे होती ते गृहस्थ गेल्या वर्षी वारले. तेव्हापासून ती कुणाला द्यायची यावर वाद चालला होता. त्यांनी ती पर्समधून काढली, एक कोरा टॅग घेतला आणि पेन उघडून विचारलं, "तुझ्या वडिलांचं नाव पुन्हा सांग. सावकाश, एकेक अक्षर."

मी सांगितलं. त्यांनी लिहिलं. इतकी वर्षं पगाराच्या पाकिटावर पी. देवस्थळी, कारखान्यात पॅडी, ग्रुपमध्ये पॅडी. पासपोर्ट सोडला तर वडिलांचं, अण्णांचं, नाव या गावात कुणी कशावर लिहिलं नव्हतं. त्यांनी टॅग बांधून किल्ली माझ्या हातात ठेवली. मी टॅग उजेडाकडे धरून दोनदा वाचला.

आपल्या घराला पाटी नाही लागली तरी चालेल, ऋजुता. किल्ली माझ्या दाराच्या आतल्या खिळ्यावर टांगली आहे. आल्यावर वाच, पूर्ण नाव आहे.

तुझा काका,
पद्माकर त्र्यंबक देवस्थळी